मिळत नाही, म्हणून पहिला नंबर

बेल्जियमच्या पश्चिम टोकाला, पोपरिंगेच्या, बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या मळ्यांजवळ, वेस्टव्लेटरेन नावाचं खेडं आहे. तिथल्या सिंट-सिक्स्टस मठातले ट्रॅपिस्ट साधू एकोणिसाव्या शतकापासून बिअर बनवतात. मठाचा खर्च भागावा, एवढीच. २००५ साली ‘रेटबिअर’ या संकेतस्थळाने जगभरच्या रसिकांनी दिलेल्या गुणांवरून यादी काढली आणि तीत या मठाची ‘वेस्टव्लेटरेन १२’ पहिली आली. बातमी वर्तमानपत्रांत झळकली, मठाच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली आणि बघता बघता साठा संपला. दुसरा कोणी असता तर त्याने कर्ज काढून नव्या टाक्या बसवल्या असत्या. साधूंनी उत्पादन वाढवायला साफ नकार दिला, वर मुलाखतीही नाकारल्या. मठ चालावा म्हणून बिअर बनवायची, बिअर चालावी म्हणून मठ नव्हे, अशी त्यांची भूमिका.

त्या मठाची विक्रीची पद्धत मुळापासून समजून घेण्यासारखी आहे. आधी फोन लावायचा, आणि तो बहुधा लागायचाच नाही. लागला तर गाडीचा नंबर लिहून द्यायचा, मिळेल ती तारीख-वेळ घ्यायची आणि त्याच गाडीने जायचं. एका फोन नंबरवर आणि एका गाडीवर ठरावीक क्रेट, मग पुढचे दोन महिने नाव काढायचं नाही. घेतलेली बाटली पुढे विकणार नाही, हेही कबूल करायचं. २०१९ मध्ये फोनच्या जागी ऑनलाइन नोंदणी आली, तेव्हाही बाकी शिस्त तीच होती. बाटलीवर वर्षानुवर्षं लेबलच नसायचं. पिवळं टोपण म्हणजे ‘१२’, निळं म्हणजे ‘८’. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या एका सुपरमार्केटने कुठून तरी हजारो बाटल्या मिळवून मठाच्या दराच्या पाच-सहापट किमतीला विकल्या, तेव्हा साधूंनी जाहीर नाराजी व्यक्त केली. मठाचं वर्षाचं उत्पादन पाच-सहा हजार हेक्टोलीटरच्या घरात. आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजचा एखादा मोठा कारखाना एवढी बिअर थोड्या दिवसांत काढतो.

ती चांगली आहे का? चांगलीच असणार. गडद तपकिरी रंग, मनुका-खारकेसारखा गोडवा, १०.२ टक्के मद्यार्क. पण जगात पहिली का, याचं उत्तर मठापासून थोड्याच अंतरावरच्या वाटू गावात सापडतं. तिथे सिंट बर्नार्डस नावाची ब्रुअरी आहे. १९४६ पासून १९९२ पर्यंत याच मठाने दिलेल्या परवान्यावर ती मठाच्याच नावाने बिअर बनवायची आणि दुकानात विकायची. परवाना संपला तेव्हा तिने नाव बदललं. तिची ‘आब्ट १२’ आजही जवळपास त्याच घराण्याची बिअर मानली जाते. फरक म्हणाल तर तिला लेबल आहे, ती दुकानात मिळते आणि तिच्यासाठी फोन लावत बसावं लागत नाही. रसिकांच्या याद्यांत तीही वरच असते, पण मठाच्या बाटलीपेक्षा काही पायऱ्या खाली. या पायऱ्यांतला काही भाग चवीचा असेल, मला तो बराचसा त्या फोनचा वाटतो.

हे मला वाटतं म्हणून सोडून देता आलं असतं, पण मानसशास्त्राकडे याचा जुना पुरावा आहे. स्टीफन वर्शेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली एक साधा प्रयोग केला. काही जणांना बरणीत दहा बिस्किटं ठेवून त्यातलं एक चाखायला दिलं, काहींना दोनच बिस्किटं असलेल्या बरणीतून. बिस्किट एकच, पण दोनवाल्या बरणीतलं लोकांना अधिक हवंसं वाटलं. आणि आधी दहा दिसली, मग डोळ्यांदेखत दोन उरली, तेव्हा तर ओढ आणखी वाढली. मठाबाहेरच्या रांगेत नेमकं हेच घडत होतं.

बिअरला गुण देण्याची ही हौस तशी अलीकडची. मायकल जॅक्सन या इंग्रज लेखकाने (गाणारा नव्हे, हा दुसरा) १९७७ साली ‘द वर्ल्ड गाइड टु बिअर’ लिहून जगातल्या बिअरच्या शैली लावून दाखवल्या. तोवर वाइनबद्दल गंभीरपणे बोलणं प्रतिष्ठेचं होतं, बिअरबद्दल नव्हतं. १९८५ मध्ये अमेरिकेत बिअरचे परीक्षक तयार करणारा बीजेसीपी हा कार्यक्रम सुरू झाला. १९९६ मध्ये ‘बिअर ॲडव्होकेट’, २००० मध्ये ‘रेटबिअर’ आणि २०१० मध्ये ‘अनटॅप्ड’ हे मोबाइल ॲप आलं. परीक्षकाच्या हातातली गुणपत्रिका त्यामुळे सगळ्यांच्या खिशात गेली.

परीक्षक गुण कसे देतो? बीजेसीपीच्या पन्नास गुणांत वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण छापेला १०. दिसण्याला फक्त तीनच, हे लक्षात घ्या. ग्लासात ओतल्याबरोबर आधी वास घ्यायचा, कारण हॉप्सचा सुगंध मिनिटा-दोन मिनिटांत उडून जातो. मग फेस किती वेळ टिकतो आणि काचेला जाळी सोडतो का, ते पाहायचं. मग घोट, आणि तो गिळायचा. वाइनचे परीक्षक थुंकतात, बिअरचे बहुधा थुंकत नाहीत. तिचा कडवटपणा जिभेच्या मागच्या बाजूला, घोट घशाखाली उतरताना नीट कळतो असं ते मानतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, परीक्षकापुढे येणाऱ्या ग्लासवर नाव नसतं. कोणत्या मठाची, किती रुपयांची, कुणी किती मैल गाडी हाणून आणली, त्याला काही माहीत नसतं. ॲपवर गुण देणाऱ्याला हे सगळं आधीच माहीत असतं, बहुतेकदा त्याने बाटलीचा फोटोही टाकलेला असतो.

आता हिशेबाकडे वळू. नवख्या बिअरला तीन मित्रांनी पाचपैकी ४.८ गुण दिले म्हणून ती जगात पहिली ठरवायची का? ठरवली तर उद्या प्रत्येक ब्रुअर तीन मित्र गोळा करील. म्हणून ‘रेटबिअर’सारख्या याद्यांत साधी सरासरी न काढता भारित सरासरी काढत. प्रत्येक बिअरच्या खात्यात आधीच काही काल्पनिक मतं टाकून ठेवायची, तीही सर्वसाधारण बिअरच्या गुणांची. समजा सर्वसाधारण सरासरी ३.५ आहे आणि अशी १० मतं आधी जमा केली. तीन मित्रांच्या ४.८ च्या बिअरचा हिशेब मग ३.८ वर उतरतो. पण हजार लोकांनी ४.३ दिलेली बिअर ४.२९ वर राहते, जवळजवळ हलत नाही. गर्दीचं मत टिकतं, टोळीचं वितळतं. युक्ती छान आहे, पण ती फक्त खोटेपणा आणि योगायोग धुऊन काढते. हजारही लोक जर एकाच तऱ्हेचे असतील, तर त्यांचा एकत्रित कल ही सरासरी धुऊ शकत नाही.

ते एकाच तऱ्हेचे असतातच. ज्या बिअरसाठी कॅलिफोर्नियात सांता रोझा इथल्या रशियन रिव्हर ब्रुअरीबाहेर रांगेत उभं राहावं लागतं (‘प्लायनी द यंगर’, वर्षातले थोडेच दिवस), ती चाखणारा माणूस रांग लावणाराच असतो. ज्याला ती नको, तो तिथे जात नाही, म्हणून वाईट गुण देणाराही सापडत नाही. इंडियानात मन्स्टर इथली थ्री फ्लॉइड्स ही ब्रुअरी ‘डार्क लॉर्ड’ नावाची काळी दाट स्टाउट वर्षातून एकाच दिवशी विकायची, त्या दिवसाचं तिकीट काढून. तासन्‌तास उभं राहून घेतलेल्या बाटलीला दोन गुण द्यायला मन धजावत नाही. उलट गावोगावच्या बिअर शॉपीत मिळणाऱ्या साध्या लागरला सगळेच गुण देतात; तहान लागली म्हणून घेणारे, दुसरी मिळाली नाही म्हणून घेणारे आणि नाक मुरडण्यासाठीच घेणारेसुद्धा. रांग लावून मिळवाव्या लागणाऱ्या दुर्मिळ बाटल्यांना हौशी लोक ‘व्हेल’ म्हणतात. एक बाटली चाखली की वहीत खूण करून पुढची शोधणाऱ्यांना इंग्लंडात ‘टिकर’ म्हणतात. आपल्याकडे पूर्वी नाणी आणि पोस्टाची तिकिटं जमवणारे असत. हा त्याच जातीचा छंद, फक्त जमवलेली वस्तू पिऊन टाकायची.

या याद्यांचा दुसरा कल मद्यार्काचा. वरच्या जागा वर्षानुवर्षं इम्पीरियल स्टाउट, बॅरलमध्ये मुरवलेल्या आणि दुप्पट-तिप्पट हॉप्स घातलेल्या बिअर अडवून बसतात. छोट्या घोटात ठसका देणारी चीज गुण घेऊन जाते. दोन ग्लास आरामात पिता येतील अशी सौम्य, नीट जमलेली बिअर मागे राहते. ब्रुअरला विचाराल तर सौम्य लागर बनवणं अवघड, कारण तिच्यात चूक लपत नाही. स्टाउटमध्ये भाजलेल्या धान्याची आणि कॉफी-चॉकलेटची इतकी दाटी असते की लहानसहान दोष सापडतच नाहीत.

आणि इथे आपला कायदा मधे येतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये केलेल्या मानकांनुसार भारतात बिअर म्हणजे ५ टक्क्यांपर्यंत साधी आणि ५ ते ८ टक्के स्ट्राँग. आठच्या वर बिअरची चौकटच संपते. वेस्टव्लेटरेन १०.२ टक्क्यांची, ‘प्लायनी’ दहाच्या वर, ‘डार्क लॉर्ड’ पंधराच्या आसपास. म्हणजे जागतिक यादीच्या शेंड्यावरच्या बहुतेक बिअर इथल्या ब्रुअरने हुबेहूब बनवल्या तरी त्यांना बिअर म्हणून विकता येणार नाही. पहिला नंबर आपल्याकडे नियमाबाहेर आहे. उलट ८ च्या आतली स्ट्राँग हा इथला राजा. बीडच्या कुठल्याही बिअर शॉपीचा फ्रीज उघडा. साडेसहा-सात-आठ टक्क्यांच्या बाटल्याच समोर रांगेत असतील. पैसे मोजून डोक्यात किती चढते, हा इथला निकष, आणि कररचनाही त्याला फारसा विरोध करत नाही. ‘अनटॅप्ड’वर मात्र या बाटल्या ३ गुणांच्या आसपास किंवा खालीच रेंगाळतात.

महाराष्ट्रातली शोधून प्यायची बिअर म्हणजे पुण्याची. २००९ मध्ये पुण्यातल्या कोरिंथियन्स क्लबात ‘डूलली’ सुरू झाली, राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी. पुढे मुंढव्यात ‘इंडिपेंडन्स’ आली, मुंबईत ‘गेटवे’. मायक्रोब्रुअरीची बिअर गाळून, तापवून बाटलीत भरलेली नसते. टाकीतून नळाला येते आणि नळापासच प्यायची. पार्सल न्यायचं तर ‘ग्राउलर’ म्हणजे झाकणाची मोठी बाटली, आणि ती देण्याची मुभाही महाराष्ट्रात कोरोनाच्या २०२० सालात मिळाली. आमच्याकडची पोरं हिंजवडीला कामाला असतात, सुट्टीला आली की ॲप उघडून दाखवतात: काका, ही बघा, चार पॉइंट एक. बाटली मात्र कुणी आणत नाही. आणली तरी उपयोग नाही.

का नाही, ते समजायला बीडकरांना बेल्जियमची गरज नाही. बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ, ज्याला ‘बीडचे सीताफळ’ म्हणून २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि ज्याच्यासाठी अंबाजोगाईला वेगळं संशोधन केंद्र आहे, ते डोळे उघडून पिकलं की दिवस-दोन दिवसांचं गिऱ्हाईक. मुंबईच्या बाजारात जाणारं फळ कच्चं तोडलेलं असतं. ताज्या हॉप्सची धूसर दिसणारी आयपीए ही बिअर तशीच. तिच्या आंब्या-संत्र्यासारख्या वासाची तेलं ऑक्सिजनने आठवड्यांत मरगळतात. जुन्या बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो, त्यामागे ट्रान्स-२-नोनेनाल हे द्रव्य. ऊन लागलं तर हॉप्समधलं कडवट आम्ल तुटून गंधकयुक्त द्रव्य बनतं; स्कंक या प्राण्याच्या दुर्गंधीशी जुळणारं. तपकिरी काच त्यातून बरंचसं वाचवते, हिरवी फारसं नाही. वर उष्णता. दहा अंश तापमान वाढलं की अशा प्रक्रिया साधारण दुप्पट वेगाने होतात, आणि मे महिन्यात बीड चाळिशीच्या वर असतं.

गंमत म्हणजे आयपीए या प्रकाराचं पूर्ण नाव इंडिया पेल एल. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात लंडन आणि बर्टनहून मुंबई-कलकत्त्याला जहाजाने बिअर येत असे, चार-पाच महिने समुद्रावर हेलकावत. जास्त हॉप्स घातलेली बिअर त्या प्रवासात तगून राहायची आणि इथल्या छावण्यांतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना रुचायची. मराठवाड्यातही छावण्या होत्या. अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद, हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाचं ठाणं. जी बिअर प्रवासासाठी घडवली गेली, तिचंच आजचं रसिकांचं आवडतं रूप प्रवास सोसत नाही.

बाटलीबंद बिअरला हे दुखणं कमी. ती साठ अंशांच्या आसपास गरम पाण्याच्या बोगद्यातून काही मिनिटं फिरवून पाश्चरायझ केलेली असते, महिनोन्‌महिने टिकते आणि म्हणून बीडच्या बाजारापर्यंत पोचते. ती येते शंभर-सव्वाशे किलोमीटरवरून. छत्रपती संभाजीनगरजवळचं वाळूज हे देशातल्या मोठ्या बिअर केंद्रांपैकी एक. बिअरच्या सगळ्या बड्या कंपन्यांचे कारखाने तिथे. त्यातला एक एसएबीमिलरचा होता, २०१६ मध्ये ती जागतिक कंपनी एबी इनबेव्हने घेतली. याच एबी इनबेव्हने त्याच सुमारास ‘रेटबिअर’मध्ये हिस्सा घेतला आणि २०१९ मध्ये सगळं संकेतस्थळच ताब्यात घेतलं. परीक्षकच विकत घेतला की निकालावर भरवसा कसा ठेवायचा, म्हणून कित्येक स्वतंत्र ब्रुअरांनी आपल्या बिअर यादीतून काढायची मागणी केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘रेटबिअर’ बंद झालं. पंचवीसेक वर्षांची जमवलेली मतं त्यासोबत थांबली. हौशी लोक आता ‘अनटॅप्ड’वर आहेत, तिथे पूर्वीसारखं लांबलचक लिहायची पद्धत नाही, तारे देऊन मोकळं व्हायचं.

वाळूजचं पाणी जायकवाडी धरणाचं. त्याच धरणाचा, म्हणजे नाथसागराचा, उजवा कालवा माजलगावच्या धरणापर्यंत येतो, म्हणजे बिअर आणि बीडचा बराच भाग एकाच तळ्याचं पाणी पितात. एक लीटर बिअर बनवायला कारखान्याला साधारण तीन ते पाच लीटर पाणी लागतं. २०१६ च्या उन्हाळ्यात हा हिशेब न्यायालयापर्यंत गेला. जायकवाडी मृतसाठ्यावर आली होती. केज तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण, ज्याच्यावर लातूर शहर पितं, कोरडं पडलं होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागत होतं. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांचं पाणी आधी निम्म्याने आणि मे महिन्यात साठ टक्क्यांनी कापायला सांगितलं. त्या उन्हाळ्यात या भागात दुर्मिळ होतं ते पाणी, आणि त्याची यादी कुठल्या ॲपवर नव्हती.

बिअरच्या जागतिक याद्यांत नसलेली आणखी एक चीज आपल्या फार जवळची आहे. आफ्रिकेत ज्वारीची बिअर होते: दक्षिण आफ्रिकेत उमकोम्बोथी, झिम्बाब्वे-झांबियात चिबुकू. ज्वारी भिजवून मोड आणायचे, वाळवून दळायची, शिजवून आंबवायची. दाट, आंबट, गढूळ, कमी मद्यार्काची. चिबुकू पाकिटात भरली तरी आंबतच राहते, म्हणून पाकिटाला वायू सुटायला वाट ठेवतात आणि ती काही दिवसांत संपवावी लागते. पिण्याआधी हलवावी लागते, म्हणून तिचं टोपणनाव ‘शेक शेक’. लाखो लोकांची रोजची बिअर, पण परदेशी रसिकाने घोटभर पिऊन एक-दीड तारा द्यावा, इतकीच तिची नोंद. त्याच्या चवीच्या चौकटीत ती बसत नाही. रब्बी ज्वारीच्या मुलखात राहून मला ती एकदा चाखायला आवडली असती. इथे ज्वारीचा आणि दारूचा संबंध निघतो तो बहुधा भिजून काळ्या पडलेल्या ज्वारीचं काय करायचं या चर्चेत, आणि २००७ मध्ये राज्याने धान्यापासून मद्यार्काला उत्तेजन दिलं तेव्हा त्यावर पुष्कळ वाद झाला.

मतांवरून बाटलीचं भवितव्य ठरवायची पद्धत बीड जिल्ह्याला काही नवी नाही, फक्त तिथले मतदार वेगळे. महाराष्ट्रात २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किंवा प्रभागातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज केला, तर दारूचं दुकान ठेवायचं की बंद करायचं यावर गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. इथे गुण देणारी बाई ती बाटली प्यालेली नसते, पण तिचा वास, खर्च आणि रात्री घरी परत येणारा माणूस तिला ठाऊक असतो. आणि इथे काल्पनिक मतं कुणी आधी टाकून ठेवत नाही. उलट आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर एकूण नोंदलेल्या महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं पडावी लागतात. न आलेली बाई म्हणजे उभ्या बाटलीला गेलेलं मत. बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत हजारो जोडपी ऊसतोडीला सांगली-कोल्हापूर आणि कर्नाटकात कोयत्यावर असतात. गावच्या यादीत नाव आणि अंगण रिकामं. त्या महिन्यांत मतदान लागलं तर गावात राहिलेल्या सगळ्या बायकांनी बाटली आडवी केली तरी पन्नास टक्क्यांचा आकडा गाठणं कठीण होऊन बसतं. म्हणून असा अर्ज करणाऱ्यांनी तारीख मागताना तोडणीच्या टोळ्या परतल्यानंतरची मागावी.